पांचालंकुरिचीचा प्रश्न

रामनाथपुरमच्या राजवाड्यात दोन माणसे समोरासमोर येतात. कंपनीचा कलेक्टर जॅक्सन विचारतो, वीरपांडिय कट्टबोम्मन म्हणतात ते तुम्हीच काय? समोरचा पांचालंकुरिचीचा पाळेगार, म्हणजे त्या टापूचा सरदार, तेच वाक्य, तीच घडण आणि तोच तोरा त्याला परत करतो: जॅक्सन दुरै, म्हणजे जॅक्सन साहेब, म्हणतात ते तुम्हीच काय? अजून तलवार म्यानाबाहेर आलेली नाही, फौज हललेली नाही, थकलेल्या पेशकशीचा, म्हणजे खंडणीचा, विषयही निघालेला नाही. तरीही या भूमीवर धनी कोण आणि आगंतुक कोण, हा झगडा या दोन वाक्यांतच जुंपलेला असतो. राजसत्तेवरचे चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत सिंहासने असतात, कटकारस्थाने असतात, हत्ती आणि तोफा असतात. पण सत्ता म्हणजे मुळात दुसऱ्याने आपल्याला कसे संबोधावे यावरचा हक्क असतो, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ हा चित्रपट १९५९ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आणि निर्मिती बी. आर. पंतुलू यांची, संवाद शक्ती टी. के. कृष्णसामी यांचे, संगीत जी. रामनाथन यांचे आणि कट्टबोम्मनच्या भूमिकेत शिवाजी गणेशन. रंगीत चित्रपट तमिळमध्ये तेव्हा अपवादानेच निघत. याच्या प्रती लंडनला टेक्निकलर पद्धतीने तयार झाल्या आणि पहिला खेळही तिथेच झाला. ज्या कंपनीने नायकाला फासावर चढवले तिच्याच राजधानीत नायकाने प्रथम तोंड उघडावे, हा योग निर्मात्यांनी हेतूने साधला की केवळ व्यवहाराच्या सोयीने, ते महत्त्वाचे नाही. त्यातले औचित्य मात्र मला फार भावते.

आता त्या भाषणाविषयी. जॅक्सन कराची मागणी करतो आणि कट्टबोम्मन उसळून उठतो. पाऊस आभाळ देते, पीक धरणी देते, मग तुला कशाबद्दल द्यायचे, असे तो विचारतो आणि मग एकामागून एक कामे मोजू लागतो. आमच्याबरोबर शेतावर आलास का? रोपे लावलीस का? तण उपटलेस का? शेतात राबणाऱ्यांसाठी कांजी घेऊन गेलास का? आमच्या कुळातल्या मुलींना हळद वाटून दिलीस का? आणि शेवटी नात्यावर येतो: तू आमचा मामा लागतोस की मेहुणा? आवाज पायरीपायरीने चढत जातो, वाक्ये आखूड होत जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ हेच असल्यामुळे कलेक्टरला बोलायला जागाच उरत नाही.

नोकरीनिमित्त मी चेन्नईत राहत होतो, तेव्हा हे भाषण मी प्रथम चित्रपटात नव्हे, एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकले. हिशेबखात्यातला हा अत्यंत मितभाषी गृहस्थ एका निरोपसमारंभात आग्रहाखातर उभा राहिला आणि सबंध भाषण त्याने एका दमात म्हटले. सभागृहातले निम्मे लोक त्याच्याबरोबर ओठ हलवीत होते. त्या वेळी मला तमिळ जेमतेम कळत होते. पण आपण काहीतरी सामुदायिक, पाठांतराच्या पलीकडे गेलेले ऐकत आहोत, एवढे उमगले. नंतर चित्रपट पाहिला, पुन्हा पाहिला, भाषा थोडी अधिक कळू लागल्यावर आणखी पाहिला, आणि दर वेळी त्या यादीतल्या कामांकडे माझे लक्ष अधिक जात गेले.

कारण ती यादी राजाच्या तोंडी विलक्षण आहे. आपल्याकडच्या कथांतला राजा हक्क सांगतो तो वंशाचा, देवाने दिलेल्या प्रसादाचा, बापजाद्यांच्या पराक्रमाचा किंवा सनदेचा. इथला राजा यांपैकी एकाचेही नाव घेत नाही. पिकातला वाटा मागण्याचे त्याच्या लेखी दोनच आधार आहेत: एक तर तुम्ही त्या पिकासाठी राबलेले असले पाहिजे, नाहीतर राबणाऱ्यांशी तुमचे नाते असले पाहिजे. तण काढणे, कांजी पोचवणे, हळद वाटणे ही कामे शेतमजुरांची आणि बायकांची. मुकुट घातलेला माणूस ती कामे सत्तेचे प्रमाण म्हणून पुढे करतो, तेव्हा तो नकळत स्वतःच्याही सिंहासनाखालची जमीन उकरत असतो. हे रोप कट्टबोम्मनने तरी कधी लावले होते? चित्रपटात हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला मात्र तो विचारल्यावाचून राहवत नाही, आणि तो पेलण्याइतकी ताकद या चित्रपटात आहे असे मी मानतो.

इतिहासात पाहिले तर पाळेगार हा वसुलीच्या साखळीतलाच एक दुवा होता. विजयनगरच्या छायेखाली मदुरैला नायकांची सत्ता उभी राहिली, तेव्हा सोळाव्या शतकात विश्वनाथ नायक आणि त्याचा दळवाई, म्हणजे सेनापती, अरियनाथ मुदलियार यांनी मुलूख पाळैयमांमध्ये, म्हणजे पाळेगारांच्या टापूंमध्ये, वाटून दिला. परंपरा ही संख्या ७२ सांगते. पाळेगाराने आपल्या टापूत बंदोबस्त ठेवायचा, रयतेकडून वसूल गोळा करायचा, त्यातला ठरलेला हिस्सा वर पोचवायचा आणि लढाईच्या वेळी माणसे पुरवायची. पुढे नायक गेले आणि त्यांच्या जागी अर्काटचा नवाब आला. नवाब महंमद अली कंपनीच्या आणि खाजगी सावकारांच्या कर्जात इतका रुतला, की १७९२ च्या तहाने पाळेगारांकडून पेशकश वसूल करण्याचा अधिकार कंपनीच्या हाती गेला. म्हणजे तिरुनेलवेलीच्या रानात ज्याने भात आणि बाजरी काढली, त्याच्या धान्यातला वाटा पाळेगाराच्या हातून शेवटी एका नवाबाच्या कर्जापायी जात होता. तो नवाब त्या शेतकऱ्याने कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. जॅक्सनसमोरचे भाषण ज्या संतापातून उमटते त्याचे हे खरे मूळ आहे, आणि त्या साखळीच्या मधल्या कडीवर स्वतः कट्टबोम्मन बसलेला होता.

कागदपत्रांतला प्रसंग पडद्यावरच्या प्रसंगाहून वेगळा आहे. १७९८ साली पांचालंकुरिचीकडे ३३१० पगोडांची, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांची, थकबाकी निघत होती. कलेक्टरने भेटीला बोलावले आणि मग भेटच दिली नाही. कुत्रालमपासून एकेका मुक्कामावर पाळेगाराला आपल्या मागे फिरवत तो अखेर सप्टेंबरात रामनाथपुरमला पोचला. तिथे हिशेब तपासले गेले आणि बाकी केवळ १०८० पगोडांची असल्याचे दिसून आले. पण या भेटीत पाळेगार आणि त्याचा कारभारी यांना तासन्‌तास उभे ठेवण्यात आले आणि निघू पाहताच अडवण्यात आले. झटापट झाली, लेफ्टनंट क्लार्क मारला गेला, कारभारी पकडला गेला, कट्टबोम्मन निसटला. मद्रासच्या चौकशीनंतर जॅक्सनला त्या जागेवरून दूर करण्यात आले, यावरून त्याच्या वर्तनाविषयी खुद्द कंपनीचे मत काय झाले असेल ते दिसते.

म्हणजे जो माणूस पडद्यावर कराचा हक्कच नाकारतो, तो प्रत्यक्षात हिशेबाची कागदपत्रे घेऊन, बाकी चुकती करण्याच्या तयारीने गेलेला होता. यावरून चित्रपटाला खोटे ठरवणारे आहेत, आणि कट्टबोम्मन हा लुटारू होता असे लिहिणारेही खुद्द तमिळनाडूत झाले. कथेमागे ज्यांच्या अभ्यासाचा आधार होता त्या म. पो. शिवज्ञानम यांनी या नायकाच्या बाजूने लेखणी झिजवली. त्या वादात मला शिरायचे नाही, कारण माझ्या मते पडद्यावरचा प्रसंग एका खोलवरच्या अर्थाने खराच आहे. बाकीची रक्कम हा भांडणाचा विषय नव्हताच. विषय होता तो भर उन्हात मुलूखभर फिरवण्याचा आणि उभे ठेवण्याचा. देणे मान्य असलेल्या माणसाला त्याच्याच भूमीत याचक करण्यात आले होते. त्या मुकाट उभ्या राहिलेल्या तासांना कृष्णसामींनी शब्द दिले. कट्टबोम्मनला त्या दिवशी जे बोलता आले नसेल ते त्यांनी त्याच्या तोंडी घातले. नाटककाराचे काम याहून निराळे काय असते?

आणि हे शब्द पेलायला तसाच नट लागत होता. शिवाजी गणेशन यांचा अभिनय अतिरंजित वाटतो, अशी तक्रार आपल्याकडे सहज केली जाते. त्यांचे बालपण मुलांच्या नाटक कंपन्यांत गेले, जिथे ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावा लागे आणि पोरांना उच्चार, श्वास आणि पदन्यास एकत्रच शिकवले जात. लहानपणी त्यांनी कट्टबोम्मनच्या जीवनावरचे कूत्तु, म्हणजे रस्त्यावरचे लोकनाट्य, पाहिले होते आणि नट होण्याची ओढ तिथेच लागली, असे ते पुढे सांगत. ज्या कथेने त्यांना घराबाहेर काढले तीच कथा त्यांनी १९५७ पासून स्वतःच्या नाटक मंडळीतर्फे रंगभूमीवर आणली आणि तिथून ती चित्रपटात गेली. म्हणून पडद्यावर दिसतो तो अभिनय एका रात्रीत बसवलेला नाही. कट्टबोम्मनच्या जमातीच्या कूत्तुवाल्यांनी दीड शतक जपलेला स्वर त्यात मिसळलेला आहे. या राजाजवळ तोफा थोड्या आहेत, किल्ला मातीचा आहे, आणि त्याची सत्ता उरली आहे ती आवाजात. तो आवाज हळू करा म्हणणे म्हणजे त्याला पदच्युत करणेच होय.

मराठी वाचकाला या नटाच्या नावाशी थांबावेच लागते. त्यांचे मूळ नाव गणेशन. सी. एन. अण्णादुरै यांनी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर एक नाटक लिहिले होते आणि १९४६ च्या सुमारास मद्रासला झालेल्या प्रयोगात महाराजांची भूमिका या तरुण नटाने केली. स्वतः अण्णादुरै त्यात गागाभट्ट होत असत. प्रयोग पाहून स्वाभिमान चळवळीचे नेते पेरियार ई. वे. रामसामी यांनी त्याला ‘शिवाजी’ म्हणून गौरवले आणि तेच नाव आयुष्यभर राहिले. हा किस्सा आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. पण ते नाटक कशाविषयी होते हे बहुधा सांगितले जात नाही. स्वतःच्या पराक्रमाने राज्य उभारणाऱ्या पुरुषाला ६ जून १६७४ रोजी रायगडावर अभिषेक करवून घेण्यासाठी काशीहून पंडित का आणावा लागला, त्याच्या राजेपणाला कोणाची संमती हवी होती आणि ती कोण अडवत होते, हा त्या नाटकाचा गाभा होता. स्वाभिमान चळवळीच्या दृष्टीने तो जातिव्यवस्थेवरचा घाव होता आणि मराठी मुलखातल्या घटनेने त्यांना आपले म्हणणे मांडायला आधार दिला होता.

मला या दोन भूमिकांमध्ये एक सलग विचार दिसतो. शिवाजीच्या भूमिकेत या नटाने विचारले, की राजा कोणाच्या मान्यतेने होतो. कट्टबोम्मनच्या भूमिकेत त्यानेच विचारले, की झालेला राजा कोणत्या हक्काने घेतो. राजसत्तेविषयीचे हे दोनच मूलभूत प्रश्न आहेत असे मला वाटते, आणि एकाच गळ्यातून, मधे जेमतेम एक तप जाऊ देऊन, ते तमिळ प्रेक्षकांसमोर आले. पहिला प्रश्न आपल्या इतिहासातून उचललेला होता. दुसराही आपल्याला चुकत नाही. चौथाई आणि सरदेशमुखी ज्यांनी भरली त्या परमुलखातल्या शेतकऱ्याने आपल्या सरदारांना हेच विचारले असते: रोपे लावलीत का, तण काढलेत का? मराठी माणसाने हे भाषण इंग्रजांच्या विरोधातले म्हणून नुसते टाळ्यांनी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तमिळ भूमीवर तर मराठी राजे प्रत्यक्ष नांदत होते. व्यंकोजींनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि भोसल्यांचे राज्य तिथे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. कट्टबोम्मनला १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तार येथे फाशी झाली, आणि त्यानंतर नवव्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, तंजावरचे सरफोजी राजे यांनी कंपनीशी तह करून राज्याचा कारभार तिच्या स्वाधीन केला. त्यांना वर्षाला १ लाख स्टार पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा होता. एकाच प्रांतात, एकाच महिन्यात, एक सत्ता दोरावर संपली आणि दुसरी नेमणुकीवर. या दोन तारखा शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळा विचार केला आहे आणि दर वेळी माझे मन एका बाजूला पूर्ण झुकत नाही.

कारण सरफोजींनी उरलेल्या आयुष्यात जे केले ते क्षुद्र नव्हते. सरस्वती महाल ग्रंथालयाची आजची समृद्धी मुख्यत्वे त्यांची. हस्तलिखिते, वैद्यक, संगीत, चित्रकला यांत त्यांनी स्वतःला ओतले. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजराज चोळाच्या मंदिरात, चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या शेजारी, ती मराठी अक्षरे वाचताना माझ्या मनात अभिमान आणि खंत एकाच वेळी दाटून आली होती. राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी लिहिलेला तो राज्याचा वृत्तांत आहे. बोलण्याची सत्ता गेली तेव्हा त्यांनी लिहिण्याची सत्ता दगडात रोवली, असे मला त्या भिंतीपुढे उभे असताना वाटले.

चित्रपटाला या दुसऱ्या प्रकारच्या राजांसाठी जागा नाही, आणि त्याची सर्वांत मोठी उणीव तीच आहे. शेजारच्या एट्टयपुरमचा पाळेगार एट्टप्पन इथे केवळ फितूर आहे. या चित्रपटामुळे ते नाव तमिळमध्ये विश्वासघाताची शिवी म्हणून अधिकच घट्ट बसले. एट्टयपुरमने कंपनीला साथ दिली हे खरे आहे, पुदुकोट्टैच्या तोंडैमानाने कट्टबोम्मनला पकडून दिले हेही खरे आहे. पण त्याच एट्टयपुरमच्या आश्रयाला मुत्तुस्वामी दीक्षितर आयुष्याच्या शेवटी राहिले आणि १८३५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. कर्नाटक संगीताच्या या त्रिमूर्तीतल्या एकाची समाधी आज त्या गावात आहे. त्याच गावात १८८२ साली सुब्रमण्य जन्मला आणि तिथल्या दरबारातल्या विद्वानांनी त्याला ‘भारती’ ही पदवी दिली. पुढे इंग्रजांविरुद्ध तमिळ भाषेला पेटवणारा महाकवी तोच. वाकलेल्या गादीच्या सावलीत संगीत आणि कविता टिकून राहिली, आणि ताठ उभ्या राहिलेल्या गादीच्या जागी नांगर फिरला. फितुरीला मी यामुळे क्षमा करत नाही. तरी काळे-पांढरे रंग वापरून उभारलेली ती पात्रे पाहताना, इतिहासाने एट्टयपुरमवर इतका साधा शेरा मारलेला नाही हे मला विसरता येत नाही.

‘मामा की मेहुणा’ या प्रश्नाची आणखी एक बाजू चित्रपट दाखवत नाही. कट्टबोम्मनचे घराणे मुळात तेलुगू भाषक. नायकांच्या काळात उत्तरेकडून आलेल्या कंबळत्तु नायकरांपैकी ते होते आणि त्यांची कुलदेवता जक्कम्मा. पडद्यावर तो अस्खलित, अलंकारिक तमिळ बोलणारा तमिळ वीर आहे. याला मी लबाडी म्हणणार नाही; उलट नाते रक्ताने येत नाही, जोडावे लागते, हे त्यातून कळते. तिरुच्चेंदूरच्या मुरुगनाची पूजा झाली की वाटेवरच्या मंडपांतल्या घंटा एकामागून एक वाजत, तो नाद पांचालंकुरिचीला पोचे आणि मगच राजा जेवायला बसे, अशी आख्यायिका त्या भागात सांगतात. देव तमिळ, भाषा तमिळ, उत्सव तमिळ, आणि राजा तेलुगू घरातला: पिढ्यानुपिढ्या एकत्र राहून, एकाच देवाच्या नैवेद्यानंतर जेवून तो त्यांचा झाला. तंजावरचे भोसलेही तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या साऱ्या भाषांना दरबारात जागा देत, स्वतः नाटके लिहीत, तसेच हळूहळू तिथले झाले. जॅक्सनचा दोष तो परका होता एवढाच नव्हता. आपले होण्याची त्याला गरजच वाटत नव्हती, हा खरा दोष होता.

या चित्रपटाला १९६० साली कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात गौरव मिळाला. शिवाजी गणेशन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले आणि रामनाथन यांच्या संगीतालाही पारितोषिक मिळाले. सुएझ कालवा इजिप्तने ताब्यात घेऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आमच्या भूमीतून जाणाऱ्या पाण्यावरची जकात दुसऱ्यांनी का घ्यावी, हा त्यांचाही प्रश्न होता. त्यामुळे तमिळचा एक शब्द न कळणाऱ्या त्या श्रोत्यांना जॅक्सनसमोरचा प्रसंग परका वाटला नसावा.

चित्रपट कयत्तारच्या फाशीशी थांबतो. शिवाजी गणेशन यांनी पुढे ती जागा विकत घेतली आणि तिथे कट्टबोम्मनचा पुतळा उभारला. मदुरैहून तिरुनेलवेलीला जाताना तो आजही दिसतो. पांचालंकुरिचीला तमिळनाडू शासनाने १९७४ साली स्मारक म्हणून किल्ला नव्याने बांधला. कथा मात्र १७९९ मध्ये संपलेली नाही, आणि तिचा पुढचा भाग पहिल्यापेक्षा थोर आहे असे माझे मत आहे. तो भाग आहे धाकट्या भावाचा. त्याला वाचेचे व्यंग होते, म्हणून लोक त्याला ऊमैदुरै, मुका राजा, म्हणत. पाळैयंकोट्टैच्या तुरुंगातून तो १८०१ च्या फेब्रुवारीत निसटला आणि जमीनदोस्त झालेला किल्ला त्याच्या माणसांनी काही दिवसांत पुन्हा उभा केला, इतका भक्कम की कंपनीला तो घ्यायला मे महिना उजाडला. त्याच्याविरुद्ध लढलेल्या जेम्स वेल्श या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत त्याच्याविषयी जे लिहिले आहे ते शत्रूने लिहिलेले वाटतच नाही: सडपातळ, आजारी दिसणारा हा तरुण हातवाऱ्यांनी बोले आणि त्याची खूण म्हणजे लोकांना आज्ञा असे.

वेल्शनेच एक हकिकत नोंदवली आहे. किल्ला पडल्यावर ऊमैदुरै जखमी होऊन प्रेतांच्या राशीत पडला होता. आपल्या मुलाचा शोध घेत एक म्हातारी बाई तिथे आली. मुलगा सापडला, अजून धुगधुगी होती. त्याने आईला सांगितले, माझे राहू दे, स्वामी जवळच पडले आहेत, त्यांना वाचव. तिने आणि तिच्याबरोबरच्या बायांनी ऊमैदुरैला उचलून घरी नेले, एट्टयपुरमची माणसे शोधायला आली तेव्हा त्याच्यावर पांढरे वस्त्र घातले आणि देवीच्या रोगाने पोरगा गेला म्हणून आक्रोश मांडला. रोगाच्या भयाने शोधणारे पळाले. तो वाचला, शिवगंगेच्या मरुदु बंधूंना जाऊन मिळाला, पुन्हा लढला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पांचालंकुरिचीलाच फासावर गेला.

जॅक्सनला जे विचारले गेले, तेच कट्टबोम्मनच्या घराण्याला विचारण्याचा अधिकार त्या म्हातारीला होता. तिच्याच घरातल्यांनी रोपे लावली होती, तण काढले होते, कांजी नेली होती. तिने काहीही विचारले नाही आणि मरत्या मुलाला मागे ठेवून राजाच्या भावाला खांद्यावर घेतले. हे तिने दाक्षिण्याने केले, भक्तीने केले, की तिला तो आपल्याच घरातला वाटत होता, हे वेल्शला कळले नाही, आणि मलाही ते नक्की सांगता येत नाही. पण इतक्या मोठ्या आवाजाच्या चित्रपटानंतर तमिळ दिग्दर्शकांपैकी कोणीतरी या न बोलणाऱ्या राजावर आणि त्या बाईवर चित्रपट करावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि तो झाला तर रामनाथपुरमच्या प्रसंगाइतकाच तो तमिळ मुलांना पाठ व्हावा.